धूमनेत्राची निवड आणि ‘हर्बल व्हेप’चा प्रश्न



धूमपान हा दिनचर्येतील आणि नस्योत्तर कर्मातील एक शास्त्रोक्त विधी होय. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चाळिसाव्या अध्यायात आणि वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. तथापि पदवी अभ्यासक्रमात हा विषय परीक्षेपुरता वाचला जातो आणि व्यवसायात तो ‘हळदीची वर्ती ओढणे’ एवढ्यावर येऊन थांबतो. कोणते नेत्र घ्यावे, किती लांबीचे, कोणत्या द्रव्याचे, त्यात काय जाळावे आणि कोठे थांबावे, या प्रश्नांकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

अलीकडे मात्र हे प्रश्न निराळ्या वाटेने आपल्या दारी आले आहेत. पुण्यातील चिकित्सालयांत तरुण रुग्ण विचारतात, “वैद्यराज, सिगारेट सोडायची आहे. सुरुवातीला कोणते व्हेप घेऊ? निकोटीन नसलेले, तुळशीचे वगैरे चालेल ना?” औषध दुकानदारांकडे ‘हर्बल व्हेप’, ‘आयुर्वेदिक इनहेलर पेन’ अशा नावांची उपकरणे घेऊन येणारे लोक, ‘हे तुमच्याच शास्त्रातील धूमपान आहे’, असे सांगतात. या दोघांनाही उत्तर देणे आपल्याला भाग आहे. ते देण्यासाठी धूमपानाच्या यंत्राचा आपला अभ्यास पक्का हवा. प्रस्तुत लेखात प्रथम या नव्या उपकरणाची रचना व त्यासंबंधीचा कायदा पाहू आणि नंतर शास्त्रोक्त धूमनेत्राची निवड क्रमाने समजून घेऊ.

१. व्हेप म्हणजे काय?

इलेक्ट्रॉनिक सिगारेट आजच्या रूपात चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास पुढे आणली. तिचे मुख्य भाग चार. पहिला बॅटरी. दुसरा धातूच्या तारेचे वेटोळे, त्यास कॉइल म्हणतात. तिसरा त्या वेटोळ्यात बसवलेली कापसाची वात. चौथा द्रव साठविण्याची टाकी, जिला ‘टँक’ म्हणतात. टाकीतील द्रव वातीत शोषला जातो, तार तापते, द्रवाचे सूक्ष्म तुषार होतात आणि ते मुखाने आत ओढले जातात. द्रवात बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुतांश वेळा निकोटीन असते.

परदेशातील नवशिक्या ग्राहकास टाकी किती मिलिलिटरची, तारेचा विद्युतरोध किती, बॅटरी किती वेळ चालते, टाकी गळते का, हे पाहण्यास सांगतात. या कसोट्या यंत्राच्या सोयीच्या आहेत. तुषारांतून फुप्फुसात काय जाते, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. वात कोरडी पडून तार अधिक तापली तर त्याच ग्लिसरीनपासून ॲक्रोलीन व फॉर्माल्डिहाइडसारखे दाहक पदार्थ निर्माण होतात. तारेतील निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे अंशही तुषारांत आढळले आहेत.

येथे आपल्या दृष्टीने एक मूलभूत सिद्धांत लक्षात घ्यावा. जे द्रव्य खाण्यास किंवा त्वचेस लावण्यास निरुपद्रवी, ते श्वासावाटे घेण्यासही निरुपद्रवी असेल असे नाही. मार्ग बदलला की द्रव्याचे कर्म बदलते. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप वापरणाऱ्यांत तीव्र फुप्फुसविकाराची साथ आली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथील रोगनियंत्रण केंद्राकडे २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांपैकी ६८ जण दगावले. या विकाराशी ज्या द्रव्याचा दृढ संबंध आढळला ते होते जीवनसत्त्व ‘ई’चे ॲसिटेट. हे तेलकट द्रव्य गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळले जात होते. तेच द्रव्य पूरक आहाराच्या गोळ्यांत आणि त्वचेच्या मलमांत सर्रास वापरले जाते. लोण्याचा वास देणाऱ्या डायॲसिटिलचीही तीच कथा आहे. खाद्यपदार्थांत ते चालत आले, पण २००० साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील कामगारांना त्याच्या वाफेमुळे सूक्ष्म श्वासनलिकांचा असाध्य विकार जडल्याचे उघड झाले.

‘यात केवळ अणुतेल आहे’, ‘यात शुद्ध तुळशीचा अर्क आहे’ असे सांगून जेव्हा एखादे उपकरण आपल्यापुढे ठेवले जाते, तेव्हा ही दोन उदाहरणे आठवावीत. अणुतेल नस्याकरिता सिद्ध केलेले आहे. ते तापलेल्या तारेवर तुषार करून फुप्फुसात पाठविण्याचा विधी कोणत्याही संहितेत नाही.

२. कायदा काय सांगतो?

भारतात केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी घातली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. या कायद्याने उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांना मनाई आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. केवळ साठा केल्यासही सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

औषध दुकानदारांनी या कायद्यातील व्याख्या विशेष काळजीपूर्वक समजून घ्यावी. कोणताही पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याचे तुषार निर्माण करणारे इलेक्ट्रॉनिक साधन, मग त्यात निकोटीन असो वा नसो, सुगंध असो वा नसो, नाव कोणतेही असो, या व्याख्येत येते. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापविणारी साधनेही तीत आहेत. म्हणजे ‘यात निकोटीन नाही’ किंवा ‘हे वनस्पतिजन्य आहे’ ही सबब कायद्यापुढे टिकणारी नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये परवाना मिळालेले उत्पादन या व्याख्येतून वगळलेले आहे. नेमका याच वाक्याचा आधार काही विक्रेते घेतात आणि ‘आमच्याकडे आयुष परवाना आहे’ असे सांगतात. अशा वेळी तो परवाना कशाचा आहे, हे विचारावे. एखाद्या तेलाचा किंवा अर्काचा निर्मितीपरवाना म्हणजे ते तेल तापवून ओढण्याच्या यंत्राचा परवाना नव्हे. परवान्याची प्रत मागावी, तीवरील उत्पादनाचे नाव व स्वरूप वेष्टनाशी ताडून पाहावे आणि शंका राहिल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयास लेखी विचारणा करावी. उत्तर येईपर्यंत माल दुकानात ठेवू नये, कारण साठवण हाही गुन्हाच आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेट सुचविली जाते आणि निकोटीनयुक्त ई-सिगारेटने सिगारेट सुटण्यास मदत होते, असे तेथील अभ्यासांचे निष्कर्ष आहेत. परंतु तेथेही नियमांनी प्रथम मात्रेला हात घातला. टाकी दोन मिलिलिटरपेक्षा मोठी नको, निकोटीन प्रतिमिलिलिटर २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, असे ते बंधन आहे. एकदा वापरून टाकून देण्याच्या उपकरणांची विक्री तर १ जून २०२५ पासून तेथे बंद झाली. आपल्याकडे बंदीमुळे असे कोणतेही तपासलेले उपकरण कायदेशीररीत्या उपलब्धच नाही. जे मिळते ते चोरट्या मार्गाने आलेले असते आणि त्याच्या टाकीत काय आहे याचा जबाबदार कोणी नसतो. तेव्हा ‘चांगले व्हेप कोणते?’ या प्रश्नाला आपल्या रुग्णासाठी उत्तरच उरत नाही.

३. शास्त्रोक्त धूमनेत्राची रचना

आता आपल्या नेत्राकडे वळू. ज्या अध्यायात चरकाचार्य धूमपान सांगतात त्याचे नावच मात्राशितीय आहे. अन्न असो वा धूम, मात्रा हाच त्यातील विचार होय. नेत्राची रचनाही त्याच विचारातून आली आहे.

चरकांनी धूमाचे प्रायोगिक, स्नैहिक आणि वैरेचनिक असे तीन प्रकार सांगितले. सुश्रुतांनी त्यांत कासघ्न व वामनीय यांची भर घालून पाच मानले. प्रकाराप्रमाणे नेत्राची लांबी बदलते. वैरेचनिकासाठी २४ अंगुळे आणि स्नैहिकासाठी ३२ अंगुळे, याबाबत तिन्ही आचार्य एकमत आहेत. प्रायोगिकासाठी चरक दीडपट, म्हणजे ३६ अंगुळे सांगतात, वाग्भट ४० आणि सुश्रुत ४८. कासघ्न व वामनीय धूमासाठी सुश्रुतांचे नेत्र १६ अंगुळांचे आहे. ही अंगुळे रुग्णाच्या स्वतःच्या हाताची घ्यावयाची असतात. व्यवहारासाठी एक अंगुळ सुमारे १.९ सेंटीमीटर धरल्यास १६ अंगुळे म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर, २४ म्हणजे ४५, ३२ म्हणजे ६०, ३६ म्हणजे ६८ आणि ४८ म्हणजे ९० सेंटीमीटर होतात.

येथे एक गोष्ट नजरेत भरते. जो धूम नित्य घ्यावयाचा त्याचे नेत्र सर्वांत लांब, आणि जो क्वचित, दोष बाहेर काढण्यासाठी घ्यावयाचा त्याचे आखूड. यामागचे कारण चरकांनी स्वतःच दिले आहे. धूम दुरून यावा, नेत्राच्या पर्वांमध्ये त्याचा वेग मोडावा आणि नळीतून येताना तो विरळ व्हावा, म्हणजे योग्य काळी व योग्य मात्रेत घेतलेला धूम इंद्रियांना बाधत नाही. नेत्र सरळ असावे, त्यास तीन कोश असावेत आणि त्याच्या अग्राचे छिद्र बोराच्या आठळीएवढे असावे, असेही ते सांगतात. सुश्रुतांनी अग्राचे छिद्र वाटाण्याएवढे व मूळ अंगठ्याएवढे जाड सांगितले, जेणेकरून वर्ती मुळाशी नीट बसावी.

उपयोगानंतर नेत्राचे सांधे उघडून पाहिल्यास त्यांत तपकिरी, चिकट थर साचलेला दिसतो. तेवढा भाग रुग्णाच्या घशात गेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ. याउलट सिगारेटची एकूण लांबी सात ते साडेआठ सेंटीमीटर असते आणि व्हेपमध्ये तापलेली तार ओठांपासून काही सेंटीमीटरवरच असते. बाजारातील ‘हर्बल सिगारेट’मध्ये तंबाखू नसली, तरी धूम उष्ण आणि सघन अवस्थेतच आत जातो. तिला शास्त्रोक्त धूमपान म्हणता येत नाही.

मात्र नेत्राच्या लांबीवर अवाजवी भरवसाही ठेवू नये. लांबीमुळे उष्णता कमी होते आणि जड कण मागे राहतात. कार्बन मोनॉक्साइड हा वायू आणि अतिसूक्ष्म कण नळीने अडत नाहीत. धूर कोणत्याही वनस्पतीचा असला तरी तो धूरच असतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात सिगारेट न ओढणाऱ्यांमधील सीओपीडी या श्वसनविकारावर लेख लिहून लाकूड, गोवऱ्या यांच्या चुलीच्या धुराकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसणाऱ्या आपल्या गृहिणींचा खोकला आपण नित्य पाहतो. म्हणून नेत्राची लांबी हे रक्षणाचे पहिले साधन आणि मात्रा हे दुसरे. पहिले असले तरी दुसऱ्यावाचून चालत नाही.

४. नेत्र कशाचे घ्यावे?

धूमनेत्राचे द्रव्य बस्तिनेत्राप्रमाणेच असावे, असे चरकांचे मत आहे. त्यात सोने, रुपे, कथील, तांबे, पितळ, कासे, लाकूड, वेळू, नळ, अस्थी, शिंग इत्यादी येतात. आजच्या व्यवहारात निवड करताना पुढील विचार करावा.

तांबे : आपल्या कसबा पेठेतील तांबट आळीत मापाप्रमाणे नळी बनवून मिळू शकते. तथापि आतून कल्हई करून घेतल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कल्हई कथिलाची असते आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. जळत्या वर्तीचे तापमान त्याहून पुष्कळ अधिक असते. त्यामुळे वर्ती बसविण्याच्या मुळाशी कल्हई टिकत नाही.

पितळ : यंत्रावर कातलेल्या पितळेत शिसे मिसळलेले असू शकते. मिश्रणाची खात्री नसलेले पितळी नेत्र घेऊ नये.

वेळू : स्वस्त व हलका असतो, पण मूळ जळते, आतून स्वच्छ करता येत नाही. वापरावयाचा झाल्यास एका रुग्णास एकच नेत्र द्यावे आणि दुसऱ्यास वापरू नये.

स्टेनलेस स्टील : संहिताकाळात नव्हते, पण धातूचे नेत्र असावे हा हेतू त्याने उत्तम साधतो. अन्नासाठी वापरल्या जाणाऱ्या दर्जाचे स्टील घ्यावे. मळसूत्राने जोडता येणारे तीन भाग असल्यास प्रत्येक भाग ब्रशने घासता येतो. आमच्या मते नवोदित वैद्याने प्रथम हेच घ्यावे.

प्लॅस्टिक अथवा रबराची नळी : पूर्णतः वर्ज्य. उष्ण धुराने ती स्वतःच धूर सोडू लागते.

मुखाशी किंवा नाकाशी येणारे अग्र सुटे असावे आणि प्रत्येक रुग्णास निराळे द्यावे. उपयोगानंतर सर्व भाग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, उकळून, पूर्ण कोरडे करून ठेवावेत. ओले राहिलेले नेत्र दुसऱ्या दिवशी वापरू नये.

खरेदीच्या वेळी चार परीक्षा कराव्यात. नेत्र प्रकाशाकडे धरून सरळ आरपार दिसते का? सांध्यांतून हवा गळते का? मुळाशी अंगठ्याएवढी वर्ती घट्ट बसते का? आतील कडा बोटास टोचते का? या चार कसोट्यांना जे उतरेल तेच घ्यावे.

५. सुश्रुतोक्त शरावसंपुट

व्हेपच्या टाकीसारखे काही आपल्याकडे होते का, असे विद्यार्थी विचारतात. द्रवाची टाकी नव्हती, पण कासघ्न व वामनीय धूमासाठी शरावसंपुट सांगितले आहे. धूर निघून गेलेले निखारे मातीच्या शरावात घ्यावेत, त्यांवर औषध टाकावे, मध्ये छिद्र असलेला दुसरा शराव वरून झाकावा आणि छिद्रात नेत्राचे मूळ बसवून मुखाने धूम घ्यावा, असा तो विधी आहे. निखारे धूररहित असावेत ही अट महत्त्वाची आहे. कोळशाचा स्वतःचा धूर रुग्णास मिळू नये, हा तिचा हेतू. निखारे वापरताना खोली उघडी व हवेशीर असावी. बंद खोलीत कोळसा जाळल्यास कार्बन मोनॉक्साइडने प्राणावर बेतू शकते.

६. वर्ती : काय जाळावे, काय जाळू नये

वाग्भटांच्या विधीप्रमाणे बारा अंगुळांची इषीका, म्हणजे गवताची काडी, एक अहोरात्र पाण्यात भिजवून तिच्यावर औषधांच्या कल्काचे पाच लेप द्यावेत. वर्ती अंगठ्याएवढी जाड, यवाप्रमाणे मध्ये फुगीर व टोकांना निमुळती करावी. सावलीत वाळवून काडी काढून घ्यावी, तूप अथवा स्नेह लावावा आणि नेत्रात बसवून पेटवावी. काडी काढल्याने मध्ये जी पोकळी राहते तीतून धूम नेत्रात शिरतो. बाजारातील अनेक वर्त्यांत ही पोकळीच नसते. त्यामुळे रुग्णास जोराने ओढावे लागते आणि धूम एकदम छातीत जातो.

कापडास हळद व तूप लावून केलेली वर्ती आपल्याकडे रूढ आहे. तिच्यासाठी स्वच्छ, न रंगविलेले सुती कापडच घ्यावे. कृत्रिम धाग्याचे मिश्र कापड जळताना विषारी धूर देते.

वैरेचनिक धूमाच्या योगात हरताळ व मनःशिला यांचा उल्लेख आहे. ही दोन्ही सोमलाची संयुगे आहेत. जाळल्यावर त्यांतून श्वेत सोमल निर्माण होतो आणि तो थेट श्वसनमार्गात जातो. पोटात देण्यासाठी केलेले शोधन श्वसनमार्गासाठी पुरेसे आहे, असे मानण्यास आधार नाही. आमचे स्पष्ट मत असे की आजच्या व्यवसायात हे दोन घटक धूमवर्तीत वापरू नयेत. वर्ती विकत घेताना घटकांची यादी वाचावी आणि यादी नसलेली वर्ती परत करावी.

७. रुग्णाची निवड, विधी व मात्रा

वाग्भटांनी अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूम निषिद्ध मानला आहे. आजचा कायदाही अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकू देत नाही, हे साम्य रुग्णाच्या पालकांना सांगण्याजोगे आहे. गर्भिणी, रक्तपित्त, तिमिर, तालुशोष, मूर्च्छा, भ्रम, तृष्णा, क्षतक्षीण, मद्यपान केलेला, जागरण झालेला, नुकतेच विरेचन वा बस्ती घेतलेला, यांना धूम देऊ नये. यांत आजच्या ज्ञानाने आणखी भर घालावी. दमा, सीओपीडी, हृदयविकार, जुना क्षय आणि अनिश्चित कारणाचा खोकला असलेल्या रुग्णास श्वसनक्षमतेची तपासणी झाल्याखेरीज धूम देऊ नये. नुसते नाक चोंदले असेल तर पाण्याचा वाफारा पुरतो, धुराची गरज नसते.

रुग्णास सरळ बसवावे. दोष नासा व शिर यांत असल्यास प्रथम नाकाने, एकेक नाकपुडी आळीपाळीने बंद करून, धूम घ्यावा. दोष कंठात असल्यास प्रथम मुखाने घ्यावा. धूम कोणत्याही मार्गाने घेतला तरी सोडावयाचा तो मुखानेच. नाकाने सोडलेला धूम दृष्टीस अपाय करतो, असे शास्त्र सांगते. व्हेप ओढणारे तरुण नेमके याच्या उलट, मुखाने ओढून नाकाने ढग सोडण्याचे कौशल्य दाखवितात.

मात्रा अशी : तीन वेळा ओढणे, अशी तीन आवर्तने. म्हणजे एका वेळी नऊ. दिवसातून स्नैहिक एकदा, प्रायोगिक दोनदा, वैरेचनिक तीन ते चार वेळा, ही शास्त्राची कमाल मर्यादा. छाती, कंठ व शिर यांना हलकेपणा आला की थांबावे. नऊ ही संख्या होण्यापूर्वी हलकेपणा आला तरीही थांबावे. चक्कर, तहान, तोंडास कोरड, नाकातून रक्त किंवा डोळ्यांची आग दिसल्यास धूम तत्काळ बंद करून घृतपान, नस्य, अंजन, तर्पण अशी उपाययोजना सांगितली आहे. धाप लागली अथवा छाती आवळल्यासारखी वाटली तर मात्र वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे.

‘पाच हजार झुरके’ असे वेष्टनावर अभिमानाने छापलेले व्हेप आणि नऊ वेळा ओढून खाली ठेवण्याचे नेत्र, यांतील भेद रुग्णास या दोन संख्यांनीच समजावून देता येतो. धूम आत्मवान पुरुषाने घ्यावा, असे वाग्भट म्हणतात. ज्याचा स्वतःवर ताबा आहे तोच धूमाचा अधिकारी. व्यसनी रुग्णाच्या बाबतीत नेमकी हीच अट पूर्ण होत नाही.

८. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यास काय द्यावे?

येथे आपल्यापैकी काही जणांचा मोह होतो की, ‘व्हेप नको, त्याऐवजी आमची धूमवर्ती ओढ.’ असे करू नये. धूम्रपानाच्या व्यसनात निकोटीनची ओढ असते, तशीच हाताला व ओठांना लागलेली सवयही असते. धूमवर्तीने निकोटीन मिळत नाही, पण ती सवय तशीच राहते. शिवाय आधीच विकृत झालेल्या श्वसनमार्गात आणखी धूर जातो.

उदाहरणार्थ, हिंजवडीत रात्रपाळी करणारा, दिवसाला दहा सिगारेटी ओढणारा पंचविशीतील तरुण आपल्याकडे आला, असे समजू. त्याला जागरण आहे, बहुधा पित्तप्रकोपही आहे. म्हणजे धूमाच्या निषिद्ध यादीत तो दोन ठिकाणी बसतो. त्याच्याशी प्रथम सोडण्याची तारीख ठरवावी. पहिली सिगारेट उठल्यावर किती मिनिटांनी ओढतो, हे विचारावे. अर्ध्या तासाच्या आत ओढत असेल तर निकोटीनचे अवलंबन तीव्र आहे. अशा रुग्णास निकोटीनची च्युइंगगम वा अन्य औषधे देण्यासाठी व्यसनमुक्ती केंद्राकडे किंवा छातीच्या तज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक चिकित्सालयात ठळकपणे लावावा. त्याच्या जोडीला आपल्याकडे पुष्कळ आहे. निद्रेची घडी बसविणे, गंडूष व कवल, मुखात धरण्यास लवंग, बडीशेप किंवा ज्येष्ठमधाचा तुकडा, प्राणायाम आणि दर आठवड्यास भेट. नियमित भेट हेच यातील बलवान औषध होय.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्राच्या बाबतीत ध्यानात ठेवावी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, पण त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. बहुसंख्य लोक तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे आहेत. तेव्हा धूरविरहित उपकरणाने महाराष्ट्राचा तंबाखूचा प्रश्न सुटेल, ही कल्पना मुळातच चुकीची आहे. सिगारेटविषयी विचारताना तंबाखू व मिश्रीविषयीही प्रत्येक रुग्णास विचारावे.

९. औषध दुकानदारांसाठी

दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकास पुढील गोष्टी समजावून द्याव्यात. बॅटरीवर चालणारे, द्रव तापवून ओढण्याचे कोणतेही साधन, त्यावर तुळस, वाळा वा ब्राह्मी यांचे चित्र असले तरी, स्वीकारू नये. नमुना म्हणून ठेवून गेलेला मालही परत करावा. धूमवर्ती विकताना निर्मात्याचा परवाना क्रमांक, घटकांची यादी व निर्मितीची तारीख पाहावी. वर्ती वैद्याच्या चिठ्ठीवरच द्यावी आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस देऊ नये. वर्ती घेणाऱ्या ग्राहकास, ‘नेत्र आहे का?’ असे विचारावे. नेत्राविना वर्ती म्हणजे आणखी एक सिगारेटच. ग्राहक व्हेपची चौकशी करीत असेल तर त्यास नुसते ‘नाही’ न म्हणता, तो सिगारेट सोडू इच्छितो का हे विचारून वैद्याकडे पाठवावे. असा एक ग्राहक व्यसनातून सुटला, तर ते कोणत्याही विक्रीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

सारांश

धूमपानाचे यंत्र निवडताना आचार्यांनी धूम किती दुरून येतो, त्यात काय जळते, कोणाला देतो आणि कोठे थांबतो, या चार गोष्टी पाहिल्या. आजही आपल्यापुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या साधनास हेच चार प्रश्न विचारावेत. इलेक्ट्रॉनिक उपकरण या चारही प्रश्नांत उणे ठरते आणि कायद्यानेही ते निषिद्ध आहे. आपले धूमनेत्र मात्र योग्य लांबीचे, स्वच्छ धातूचे आणि निर्दोष वर्तीचे असेल, तरच आपणास हे अधिकाराने सांगता येईल. म्हणून प्रत्येक वैद्याने आपल्या कपाटातील नेत्र आजच काढून मोजावे, उघडून पाहावे आणि सदोष असल्यास बदलावे, अशी आमची नम्र सूचना आहे.